सात कुलचे आणि आठवा वाफा

ता. ११ ऑक्टोबर १९३६, तीर्थपुरी

आज तिसरीच्या, म्हणजे शाळेतल्या शेवटच्या वर्गाच्या, मुलींना विचारलं, "मलिक अंबर कोण होता?" झुंबर उठली. झुंबर म्हणजे रखमाजी पाटलांची नात, वय अकरा. उत्तर येवो न येवो, उठायचंच असा तिचा नेम. म्हणाली, "अंबडचा."

"अंबडचा कोण?"

"ते पुस्तकात न्हाई दिलं, बाई."

दोष तिचा नाही. पुस्तकात मलिक अंबराच्या लढायांच्या तारखा आहेत. तो हबशी गुलाम म्हणून आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, जमिनीखालून नहर खणून त्यानं औरंगाबाद शहराला पाणी पाजलं, हे सगळं शेवटच्या एका ओळीत. तीही पान संपत आल्यासारखी घाईघाईनं.

औरंगाबादेत ट्रेनिंगला असताना आम्हाला शिकवलं होतं की मूल जे हातानं करतं ते विसरत नाही. शाळेमागे मोकळी जागा आहे. तिथं वाफे करायचे, एकेका राजघराण्याला एकेक. मधून पाण्याचा पाट, ती गोदावरी. मातीचा देवगिरी किल्ला. शाळेच्या मागच्या भिंतीवर मुलींनी गेरू-चुन्यानं चित्रं काढायची. इतिहास झाला, चित्रकला झाली, आणि भाजी झाली. भाजीचं महत्त्व जास्त. सध्या कापूस वेचणीमुळे निम्म्या मुली शाळेत नाहीत, आणि पट असाच राहिला तर मुलींची शाळा बंद होणार अशी गावात कुजबूज आहे. पोरगी घरी जाताना ओच्यात मेथी घेऊन गेली, तर आई तिला दुसऱ्या दिवशीही पाठवील.

बेत अकबरबी आपांना सांगितला. शाळेत आम्ही दोघीच. मी मराठी, गणित, इतिहास. आपा उर्दू आणि शिवण. वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाल्या, "और पानी कौन खींचेगा, द्वारकाबाई? तुमचे बादशहा?"

या बाईंचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून राग आहे. का, ते कळत नाही.

ता. १४ ऑक्टोबर

जागा रखमाजी पाटलांची निघाली. भीत भीत गेले. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"घ्या की," म्हणाले. "म्हैस बसती तिथं, ती दुसरीकडं बशील. पर मला सांगा, कोन कोन राजे बसवून राह्यल्या तुम्ही?"

मी नावं सांगितली. सातवाहन, यादव, निजामशाही, मोगल, आसफजाही.

"निजामशाही आन् आसफजाही एकच की. आपलं सरकार."

मी सांगितलं की ती निजामशाही अहमदनगरची, निराळी. तिचा आपल्या हैदराबादच्या सरकारशी काही संबंध नाही.

"मंग ते निजाम आपल्या निजामाचे कोन?"

"कुणीच नाहीत."

"नाव एक आन् नातं न्हाई?" पाटलांनी बराच वेळ मान हलवली. "कोर्टात जाया पायजे होतं."

निघताना त्यांनी हाक मारली. "बाई, आन् आमचं घरानं?"

मी म्हटलं, हा दख्खनचा इतिहास आहे. ते म्हणाले, "मंग आम्ही काय समुद्रातून आल्तो?" जागा त्यांची होती. रखमाजी पाटलांच्या घराण्याला एक वाफा द्यायचं ठरलं. मोगलांच्या शेजारी जागा उरत होती, पण पाटील म्हणाले, "नको, ते कटकटीचे लोक. यादवांच्या बाजूला द्या."

ता. २२ ऑक्टोबर

देवगिरी उभा राहिला. मी स्वतः रचला. मुलींना म्हटलं, ओळखा पाहू काय आहे? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "वारूळ."

आपा खिडकीतून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण पदराआड काहीतरी करत होत्या.

ता. ३ नोव्हेंबर

पेरणी. एकेका घराण्याला मुलींची एकेक टोळी वाटून दिली; मग कोणत्या राजाला काय पेरायचं यावर सकाळ गेली. सातवाहनांना हरभरा, कारण ते सगळ्यांत जुने आणि हरभरा चिवट. यादवांना मुळा. निजामशाहीला कोथिंबीर, कारण तिला रोज पाणी लागतं आणि मलिक अंबराचा नहर तिथूनच काढलाय. मोगलांना भोपळा, झुंबर म्हणाली, "ते लांबलांब पसरले असं तुम्हीच सांगितलं." पाटलांच्या वाफ्यात पाटलांनी स्वतः येऊन लसूण लावला. आसफजाहीचा वाफा लिंबाखाली मोकळा ठेवलाय. फेब्रुवारीत सरकारची जुबिली आहे, निजाम सरकारांना गादीवर बसून पंचवीस वर्षं झाल्याची, आणि त्याच सुमारास शाळेची तपासणी. तेव्हा तो ताजा, हिरवागार दिसला पाहिजे.

भिंतीचं काम मात्र नजर लागावी असं चाललंय. नूरबी नावाची मुलगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. तिनं किल्ल्याच्या दरवाजात गेरूनं हत्ती काढला. हत्तीचा एक पाय उचललेला आहे. तो पाय खाली कधी टेकतो याची वाट बघत मी उभी राहिले, इतका जिवंत.

मुलींना शिस्तही लागली आहे. चुन्याची घमेली, कुंचे, निळीचे वाडगे सगळं रोज लिंबाखालच्या एकाच जागी धुतात, त्यामुळे बाकी अंगण स्वच्छ राहतं.

ता. २४ नोव्हेंबर

रोजे चालू आहेत. आपांचं पान दिवसभर बंद, त्यामुळे त्यांचा आवाज चढलेला असतो. आज मला म्हणाल्या, "तुमको तारीखां मालूम, लेकिन कोथिंबिरीला पानी सुबह देते का दोपहर को, मालूम नै." 

आणि पाणी द्यायची गरजही फारशी पडत नाही. मी शाळेत येते तेव्हा वाफे ओले असतात. इकडे दव चांगलं पडतं. पैठणला आमच्याकडे इतकं कधी पडत नव्हतं.

आपा हल्ली माझ्या आधी शाळेत येऊन बसतात. माझ्यावर नजर ठेवायला, दुसरं काय. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, भिजल्या असतील.

ता. ९ डिसेंबर

पट वाढला. कापसातून मुली परत आल्या. एका आईनं निरोप पाठवला, "पोरगी इतिहासात लई हुशार हाय, पालक बी लावा."

पाटील रोज दुपारी भिंतीच्या सावलीत बसून माझा तास ऐकतात. म्हैस शोधायला येतो म्हणतात. म्हैस त्यांच्या दारात बांधलेली असते, मी येताना बघते.

आज तास सुटल्यावर म्हणाले, "झुंबर माघापासून येणार न्हाई, बाई."

"का?"

"सोयरीक जमवली. घनसावंगीचे काकासाहेब, त्यांचा धाकटा. उसाचं रान हाय, घर मोठं हाय. तिच्या बापानं मरायच्या आधी शब्द दिलता. मंग पाळाया पायजे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझं लग्न दहाव्या वर्षी झालं आणि बाराव्या वर्षी मी पुन्हा भावाच्या दारात उभी होते. हे सांगायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, "अजून मोगल व्हायचेत."

पाटील म्हणाले, "तेच म्हणतो मी. पोरगी लई इचारते. परवा मला म्हणली, आबा, चांदबिबीला किल्ला लढवता येत होता तर मला चौथी का न्हाई करता येत?" मग म्हणाले, "शब्द माझा हाय. मला मोडता येत न्हाई. त्यांनीच मोडला तर गोष्ट वेगळी. पर ते कशाला मोडतील? काकासाहेबाला एका गोष्टीचा राग येतो बगा. बोलक्या बाईमाणसाचा. बाकी देवमाणूस."

किती लवकर बोलणं भलतीकडे नेतात हे लोक. मी मुलीबद्दल बोलत होते आणि ते काकासाहेबांच्या स्वभावावर गेले.

ता. २१ डिसेंबर

मोगलांनी गोदावरी ओलांडली.

भोपळ्याचा वेल शनिवारपर्यंत पाटाच्या अलीकडे होता. आज बघते तर निजामशाहीच्या निम्म्या कोथिंबिरीवर पानं पसरलेली आणि एक तंतू थेट देवगिरीच्या बुरजाला गुंडाळलेला. निजामशाहीच्या मुली खुरपं घेऊन धावल्या. मोगलांच्या मुलींनी वेलावर पडून घेतलं. झुंबर निजामशाहीची, तिनं मोगलांच्या सरदारणीची वेणी धरली. मी ओरडून ओरडून दमले.

आपा आल्या. काठी नाही, आवाज नाही. वेल उचलला, वळवला आणि शाळेच्या कुडावर चढवला. म्हणाल्या, "बादशहा को कश्मीर भेज दिया. बैठो."

मी याच गोंधळात तास घेतला. मोगल का आले, मलिक अंबरानं त्यांना इतकी वर्षं कसं थोपवून धरलं. एकही मुलगी इकडेतिकडे बघत नव्हती. झुंबरच्या मुठीत अजून वेणीतली रिबन होती.

तरी आपांनी माझ्या परवानगीशिवाय साम्राज्य हलवलं, हे मला आवडलेलं नाही.

ता. ५ जानेवारी १९३७

आज आसफजाही पेरली. माझी कल्पना अशी: पहिल्या आसफजाहांची एक गोष्ट सांगतात. एका पीराकडे ते भुकेले गेले, पीरानं पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे, म्हणजे जाडसर गोल रोट्या, पुढे ठेवले. त्यांनी सात खाल्ले. पीर म्हणाला, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. सरकारच्या निशाणावरही तो कुलचा आहे. म्हणून लिंबाखाली कुलच्यासारखे सात गोल वाफे, कडेला रांगोळीची नक्षी, आत मेथी. मुलींनी इतके गोल काढले की मला माझ्या देवगिरीची लाज वाटली.

गोष्ट संपली आणि झुंबर उठली.

"बाई, आत्ताचे सरकार कितवे?"

"सातवे," मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं.

"मंग आठवा?"

मी काही बोलण्याआधी भिंतीच्या सावलीतून पाटील ताडकन् उठले. "बाई! हे काय शिकवून राह्यल्या तुम्ही? जुबिलीच्या वक्ताला? कुनी वर कळवलं तर शाळा जाईल, तुम्ही जाल आन् जागा माझी म्हनून मी बी जाईन!"

 खरंच, मी सरकारच्या जुबिलीसाठी सरकारचा शेवट पेरून ठेवला होता. नक्षीसकट.

"आठवा वाफा करा," पाटील म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"मंग नववा?" झुंबर.

"नववा बी करा!"

"मंग—"

"तू गप बस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

शेवटी एकच वाढवायचं ठरलं, कारण पुढं भिंत आहे. मुली जिथं घमेली धुतात ती जागा रिकामीच होती. तिथं आठवा गोल आखला आणि मेथी पेरली. आपांनी तिथली माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "इधर कुछ नै आनेका." अशा वेळी तरी माणसानं शुभ बोलावं.

ता. ११ जानेवारी

सातही कुलचे उगवले. आठवा नाही.

ता. १७ जानेवारी

आठव्यात पुन्हा बी टाकलं. शेणखत घातलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. आपा म्हणाल्या, जागा बदला. पण जागा कुठं आहे? आणि आखलेला वाफा आता पुसला तर ते आणखी वाईट दिसेल. आठवा होता आणि काढून टाकला, असं होईल.

ता. २५ जानेवारी

शेजारच्या कुलच्यातली रोपं उपटून आठव्यात लावली. दुपारपर्यंत माना टाकल्या. पाटलांनी कुणाकडून तरी राख आणून टाकली. मी इकडचं तिकडचं पाणी घालतेच आहे. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो. उगवत मात्र काही नाही.

दत्ताला नारळ बोलले. एका बाजूनं सरकारचं राज्य चालू राहावं म्हणून, आणि दुसऱ्या बाजूनं आमची शाळा. देवाला पहिल्याचं किती कौतुक वाटेल कोण जाणे, दुसऱ्याचं वाटावं.

ता. ४ फेब्रुवारी

निरोप आला. तपासणी मंगळवारी. साहेब नाहीत, मुलींच्या शाळांच्या तपासनीस बेगमसाहेबा स्वतः येणार.

पाटील आले. म्हणाले, "मी काकासाहेबाला बी बोलावून राह्यलो त्या दिवशी. सोयरे हायत, पोरीची शाळा बगतील." मी म्हटलं, ज्या मुलीला शाळेतून काढायचं तिची शाळा दाखवायची कशाला? पाटलांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच त्यांची म्हैस. "बाई," म्हणाले, "तुम्ही फकस्त त्यांची जागा झुंबरच्या म्होरं ठेवा. आन् तिला बोलू द्या. तिचा काय तो उठून बोलायचा नेम हाय ना, तोच."

बिचारे. नातीचं कौतुक व्हावं, सासरी मान मिळावा, एवढीच इच्छा असणार.

आठव्याचं काय करायचं हे मात्र कुणालाच सुचत नव्हतं. शेवटी आपा म्हणाल्या, "खुर्ची किधर रखते? इसी पर रखो. मैं सतरंजी लाती." म्हणजे बेगमसाहेबांच्या बैठकीखाली तो वाफा झाकून जाईल. मला हे सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं, याचा जरा रागच आला.

ता. ९ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून ठेवते. 

बेगमसाहेबा बदनापूर स्टेशनावरून पडदा लावलेल्या धमणीतून, हलक्या बैलगाडीतून, आल्या. सडसडीत, चष्मा, काळा बुरखा मागं टाकलेला. वाचन घेतलं, शिवण पाहिलं, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मग मागच्या अंगणात आल्या. आपांची निळी सतरंजी अंथरलेली, तीवर खुर्ची. बसल्या. बुरख्याचा घोळ सावरला. समोर मुली. बाजूला, झुंबरच्या समोर पडतील असे, पाटील आणि काकासाहेब; काकासाहेब म्हणजे भला मोठा फेटा आणि त्याखाली थोडासा माणूस.

"ये गोल गोल क्या है?"

मी सांगणार, तोच झुंबर उठली. "आसफजाही घराण्याचे कुलचे. सात."

बेगमसाहेबांनी मोजले. मग त्यांची नजर रांगोळीच्या नक्षीवरून फिरत फिरत सतरंजीपाशी आली. नक्षीचा एक गोल सतरंजीखाली शिरत होता. सतरंजी थोडी तोकडी पडली होती.

"और ये आठवां?"

"तो बी हाय की," झुंबर म्हणाली. "तुम्ही त्याच्यावर बसल्या."

मला वाटलं, धरणी दुभंगावी.

"अच्छा. उसमें क्या उगाया?"

"मेथी. पर उगवत न्हाई. लई बार पेरलं. बाईंनी नारळ बी बोललाय."

पाटील आभाळाकडे बघत होते. आपांनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात कसला तरी चुबुक असा आवाज झाला. खुर्चीचा मागचा पाय खाली चालला होता. तिथं मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाणी घातलेलं. बेगमसाहेबा आधी जरा मागं झुकल्या, जणू विचारात पडल्या आहेत. मग आणखी झुकल्या. आणि मग अगदी सावकाश, सगळा रुबाब राखून, खुर्चीसकट सातव्या कुलच्यात आडव्या झाल्या.

कुणीही हललं नाही. हलायचं कुणी, हेच कुणाला कळेना. आपाच धावल्या. पण बेगमसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. त्या मेथीत बसल्या होत्या, चष्मा एका कानावर, आणि समोर बघत होत्या.

"यहाँ से," त्या म्हणाल्या, "सचमुच का किला दिखता."

मी खाली वाकून पाहिलं. खरंच. उभं राहून पाहिलं की वारूळ. बसून, मुलींच्या उंचीवरून पाहिलं की मागची भिंत, तिच्यावरचे डोंगर, नूरबीचा हत्ती आणि पुढं माझा बुरूज, सगळं एक होतं. हत्ती पाय उचलून देवगिरीत शिरत होता.

"हाथी किसने बनाया?"

नूरबीनं हात वर केला. बेगमसाहेबांनी तिला शेजारी बसवून घेतलं, आणि मग सगळ्यांनाच. पुढची तपासणी जमिनीवर झाली. नूरबी कधी न बोलणारी, तिनं नहराचं तोंड उघडलं. पाणी खापरांच्या नळीतून वाफ्याखालून जाऊन कोथिंबिरीत वर आलं, आणि ती सांगत गेली की मलिक अंबरानं पाणी कसं आणलं, कुठं झाकलं, कुठं वर काढलं. मोगलांच्या मुलींनी कुडावरचा कश्मीर दाखवला. बेगमसाहेबांनी पाटलांचा लसूण दाखवून विचारलं, "ये कौन सी सल्तनत है?" पाटील म्हणाले, "आमची," आणि बेगमसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली.

एवढ्यात काकासाहेब खाकरले. त्यांना हे सगळं सहन होत नव्हतं. झुंबरला म्हणाले, "लई बोलती गं तू. ते ऱ्हाऊ दे. भाकरी येती का करता?"

"येती," झुंबर म्हणाली. "काकासाहेब, मलिक अंबरानं नहर खणला, तो तुम्हाला येतो का सांगता?"

काकासाहेबांचा फेटा थरथरला.

"न्हाई येत? मंग खाली बसा की. नूरबी पुन्हा सांगील."

मी तिला थांबवायला पुढं झाले, तर पाटलांनी माझ्या वाटेत काठी आडवी धरली. धक्का बसला असणार त्यांना, काठीचं भानही नव्हतं.

काकासाहेब फेटा सावरत उठले. "पाटील, आमच्या घरात बाया इचारत न्हाईत. आम्हाला ही सोयरीक झेपायची न्हाई. शब्द मी परत घेतो." आणि चहा न घेता गाडी जुंपायला लावली.

पाटलांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर असा रडतो, हे बघवेना.

बेगमसाहेबांनी उठताना आठव्या वाफ्यातली माती बोटांवर चोळून पाहिली. बोटं पांढरी झाली. "बाई, इधर तो चूना है. चूने में मेथी कैसे आयेगी? पढ़ाते वक्त ये भी पढ़ाइये." बस. राज्याबद्दल, पिढ्यांबद्दल एक शब्द नाही. धमणीत चढताना म्हणाल्या की हा मदरसा बंद होत नाही, उलट पुढच्या सालापासून चौथी जोडून मिळेल यासाठी त्या स्वतः बोलतील.

तिथं चुना कुणी टाकला याची मुलींना विचारून चौकशी केली पाहिजे.

ता. १० फेब्रुवारी

शाळा वाचली, तरी मन लागत नाही. झुंबरची सोयरीक माझ्या वर्गात मोडली. मला ते लग्न नकोच होतं, हे खरं. पण पाटलांचा शब्द असा सगळ्यांदेखत जावा असं नव्हतं वाटलं. त्यांना काय तोंड दाखवू? आपांना म्हटलं, मी जाऊन माफी मागते. आपा म्हणाल्या, "मत जाओ. आदमी खुश—" आणि त्यांना एकदम ठसका लागला. पान चुकीच्या वाटेनं गेलं. मी पाठीवर थापा मारल्या, पाणी दिलं. मग दोघी पायरीवर बसून राहिलो. आपांनी त्यांच्या डब्यातलं एक पान मला लावून दिलं. मी विधवा, पान खात नाही. खाल्लं. चुना जरा जास्त होता.

ता. १४ फेब्रुवारी

पाटील शाळेत आले. झुंबर पाटी घेऊन मागं. मी डोळे वर करू शकत नव्हते. ते मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "आता काय करता, बाई. नशीब. पोरगी घरात बसवून तरी काय करायचं? चौथी चालू झाली की घाला तिला चौथीत. मंग पाचवीला जालन्याला बघू."

"पाटील," मी म्हटलं, "झालं ते फार वाईट झालं."

"लई वाईट," पाटील म्हणाले. "मला तर दोन दिवस घास गोड लागेना." आणि गड्याला हाक मारून त्यांनी नव्या गुळाची एक अख्खी ढेप वर्गाच्या मधोमध ठेवली. स्वतः फोडली. प्रत्येक मुलीच्या हातावर मोठा खडा ठेवला, दोन आपांच्या हातावर, तीन माझ्या. आपा पुन्हा ठसकल्या; त्यांना हल्ली वरचेवर होतं हे.

सोयरीक जमली की गूळ वाटतात, हे मला माहीत होतं. मोडली तरी वाटायची इकडे रीत असेल.